अवदातच्या उतारावरील पाणी

कोकणातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस पाण्याची टंचाई अपरिचित नव्हती. वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडूनही वैशाखात विहिरी तळ गाठीत; कारण बहुतेक पाणी उतारावरून समुद्रास मिळे. नेगेवमधील अवदात येथे वर्षाला सरासरी चार इंचही पाऊस पडत नाही. तरीही दीड हजार वर्षांपूर्वी तेथे धान्य व द्राक्षे पिकत होती. हे कसे साधले, ते समजून घेण्याजोगे आहे.

नेगेवची पिवळसर, वाऱ्याने वाहून आणलेली माती पहिल्या सरींनी भिजली की तिच्यावर घट्ट पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, वाहू लागते. वरवर पाहता हा मातीचा दोषच होय. परंतु नबाती लोकांनी व त्यांच्यामागून बायझंटाईन काळातील शेतकऱ्यांनी ह्याच दोषाचा उपयोग करून घेतला. उतारावर चर काढून त्यांनी ते पाणी खालच्या शेतांकडे वळविले. प्रत्येक शेतास दगडी बांध आणि बांधास सांडवा असे. वरचे शेत भरले की पाणी खालच्यात उतरे. ज्यांनी कोकणातील भातखाचरे पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र सहज येईल. बांधाआड साचलेले पाणी सावकाश खोल मुरे आणि उन्हाळ्यात मुळांस ओल पुरवी. मात्र एक एकर पिकासाठी सुमारे वीस ते तीस एकर उतार मोकळा ठेवावा लागे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ प्राध्यापक मिखाएल एवेनारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिव्ता आणि अवदात येथे अशी शेते पुन्हा उभी केली. केवळ उतारावरून आलेल्या पाण्यावर तेथे बदाम, जर्दाळू व पिस्त्याची झाडे वाढली.

आज ठिबक सिंचनाने व समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या कारखान्यांनी पुष्कळ गोष्टी सुलभ केल्या आहेत, आणि शहरे पोसण्यास जुनी पद्धत पुरणार नाही. तथापि तिच्यातील एक धडा अद्याप लागू आहे. पुरानंतर बांध दुरुस्त न केल्यास पुढील पूर तेथूनच वाट काढतो व मातीही घेऊन जातो. नेगेवमध्ये माणसे गेल्यावर अनेक शेतांत अशाच घळी पडल्या.

दिमोना, येरुहाम, बेरशेबा येथील आपल्या कुटुंबांस अवदात दूर नाही. हिवाळ्यात मुलांस तेथे अवश्य न्यावे आणि पाणी कोठून येते व कोठे अडते, हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे.