पेशी कमी, आणि वर प्रतिकारशक्ती दाबायची गोळी?

आजचा भाग माझ्या आत्यामुळं रेकॉर्ड झालाय. जे बोललो तेच थोडं आवरून खाली दिलंय.

आमच्या कबनूरला ‘पेशी कमी झाल्यात’ म्हटलं की डेंग्यूच. (त्यातही सगळे ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात, पण बोलणं प्लेटलेट्सबद्दल असतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या.) आत्याच्या पायांवर लाल टिपके उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ९,०००. नॉर्मल म्हणजे दीड ते साडेचार लाख. घरात लगेच पपईच्या पानांचा रस सुरू. पण ताप नव्हता, डेंग्यूची टेस्टही निगेटिव्ह. बाकी तपासण्या होऊन निदान झालं आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. औषध? स्टेरॉइड.

आत्याचा प्रश्न बिनतोड होता. “आधीच रक्त थांबंना, त्यात प्रतिकारशक्ती दाबायची? हे कसलं औषध रं?”

याचं उत्तर १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरनं स्वतःवर काढलं. तोवर वाद होता, की प्लेटलेट्स तयारच होत नाहीत की तयार होऊन नष्ट होतात? त्यानं आयटीपीच्या रुग्णाचं सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स धोकादायक पातळीला कोसळल्या, त्याला झटकाही आला. सुदैवानं काही दिवसांत तो सावरला. म्हणजे गडबड कारखान्यात नव्हती, रक्तातच काहीतरी होतं. ती अँटीबॉडी. ती प्लेटलेटला चिकटते आणि पानथरीतल्या भक्षक पेशी त्या प्लेटलेटला शत्रू समजून गिळतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, अँटीव्हायरसनं सिस्टिमचीच फाइल उडवली.

म्हणूनच बाहेरून प्लेटलेट्स चढवल्या तरी फार टिकत नाहीत, त्याही गिळल्या जातात. जीवावरचा रक्तस्राव असेल तर मात्र देतात. एरवी आधी गिळणं थांबवायचं, आणि स्टेरॉइड तेच करतं.

इथवर आत्याला पटलं. पण महिनाभरात चेहरा सुजला, शुगर वाढली. “तोंड बघ की कसं झालंय,” म्हणाली, आणि कुणालाच न सांगता गोळ्या बंद केल्या. दोन-तीन दिवसांत उलट्या, चक्कर, बीपी खाली. ॲडमिट करावं लागलं. मला तोवर वाटायचं, गोळी बंद केली की फार तर आजार परत येईल. पण मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात. काही आठवडे ते बाहेरून आयतं मिळालं की त्या सुस्तावतात. पुरवठा एकदम तोडला तर लगेच जाग्या होत नाहीत. म्हणून डोस पायरी-पायरीनं उतरवायचा.

आता उलटी चूक. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेत राहणारेही आहेत. आपल्याकडं टीबीचे जंतू कित्येकांच्या अंगात झोपलेले असतात. पहारा ढिला पडला की ते उठतात. रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन अँटीबॉडी बनवणाऱ्या साखळीतल्या बी-पेशीच काढून टाकतं, त्यामुळं दबलेली हिपॅटायटिस बी उसळू शकते. म्हणून त्याआधी ती रक्ततपासणी हवीच, खर्च वाचवायची ही जागा नव्हे. आणि हो, अंगदुखीसाठी दुकानातून ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन आणू नका, प्लेटलेट्सचं काम त्यानं आणखी बिघडतं.

मोठ्या माणसांसाठी अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीची २०१९ची शिफारस सांगते, की स्टेरॉइडचा कोर्स उतरवण्यासकट सहा आठवड्यांच्या आत आटपावा. नव्यानं निदान झालेल्याच्या प्लेटलेट्स ३०,००० किंवा जास्त असतील आणि रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल, तर नुसतं लक्ष ठेवावं. घरच्यांना हेच पचत नाही. त्यांना आकडा लाखात हवा असतो.

आत्याच्या आता ४२,००० आहेत. गोळ्या हळूहळू उतरवून बंद झाल्या, ठरलेल्या तारखेला रक्त तपासतात, बस्स. पपईचा रस मात्र ती अजून पितेच. मी वाद घालायचं सोडलंय.