हळदीचं दूध : किती, कसं आणि कुठपर्यंत



पौषातला गारठा आणि कांद्याची लागण आपल्या जुन्नर-आंबेगावात एकदमच येतात. सकाळी सकाळी ओल्या वाफ्यात ओणवं राहून रोपं लावायची, पाय चिखलात, हात गार पाण्यात. सर्दी झाली म्हणून घरी बसलं तर त्या दिवसाची मजुरी गेली. मग रात्री चुलीवर हळदीचं दूध ठेवायचं, हा आपला ठरलेला उपाय.

मागच्या बैठकीत हा विषय निघाला आणि लक्षात आलं, प्रत्येकीची रीत निराळी. कुणी चमचाभर हळद घालते, कुणी गरम दुधावर कच्चीच भुरभुरते, कुणाचं दूध गूळ टाकला की फाटतं. म्हणून आम्ही बैठकीतच स्टोव्ह पेटवला आणि करून पाहिलं.

एका माणसाला एक कप दूध, पाव चमचा हळद, दोन-तीन मिरे आणि आल्याचा छोटा तुकडा एवढं पुरतं. आधी अर्धा कप पाण्यात ठेचलेलं आलं, कुटलेले मिरे आणि हळद घालून चार-पाच मिनिटं चांगलं उकळू द्या. मग दूध घाला आणि पुन्हा एक उकळी येऊ द्या. कच्चं आलं थेट कोमट दुधात टाकलं तर दूध फाटतं, कारण आल्यात दूध जमवणारा एक घटक असतो. उकळल्यावर त्याचा जोर जातो. आलं नसेल तर चिमूटभर सुंठ चालते. गूळ घालायचा तर भांडं खाली उतरवून, जरा निवल्यावर घाला. साखरेचा आजार असेल त्यांनी गुळाविनाच घ्यावं.

मिरे कशाला, असं एकीनं विचारलं. हळदीत कर्क्युमिन नावाचा पिवळा घटक असतो. तो पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून दूध साईचं असलेलं बरं. तो अंगाला फार थोडा लागतो आणि मिऱ्यानं थोडी मदत होते. पण खरं सांगायचं तर पाव चमचा हळदीत हा घटक अगदी थोडा असतो. घशाला आराम मिळतो तो बराचसा गरम दुधानं, आल्या-मिऱ्यानं आणि रात्रीच्या झोपेनं. साधी सर्दी विषाणूनं होते आणि आठवड्याभरात आपोआप उतरते. हळदीचं दूध ती बरी करत नाही, ते दिवस सुसह्य करतं. तेवढंही थोडं नाही.

आता महत्त्वाचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंच्या दीड वर्षाच्या नातीला सर्दी झाली. घरच्यांनी तीन दिवस हळदीचं दूध पाजलं, छाती शेकली. चौथ्या दिवशी आशाताई सहज घरी आल्या. त्यांनी पोरीचं झबलं वर केलं, घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला पन्नासच्या वर! न्यूमोनिया होता. दवाखान्यात नेली, वाचली. हळदीनं काही बिघडवलं नव्हतं. हळदीवर विसंबून घालवलेले तीन दिवस मात्र महागात पडणार होते.

म्हणून श्वास मोजायला प्रत्येकीनं शिकायचं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले तर लगेच दवाखाना. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर श्वास मोजतही बसू नका. 108 ला फोन करा. आहुपे, हातवीजसारख्या लांबच्या गावांतून तर आणखी लवकर निघायला हवं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, हळदीचं बोटसुद्धा नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातून बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर रोज हळदीचं दूध घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांपुढं गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. ती तपासणी फुकट होते.

शेवटी हळदीबद्दल. सुट्टी, फार भडक पिवळी पूड घेऊ नका. रंग खुलवायला तिच्यात शिसं असलेला रंग मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक असतं. हळकुंडं घ्या, तीही रंग चोपडलेली नकोत. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपल्या बाजारात येते. गटानं मिळून एकदम घेतली, उन्हात वाळवली आणि डंकावरून दळून आणली तर भेसळीची धास्ती राहत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातलं घड्याळ किंवा मोबाईल आणा. हळदीचं दूध आम्ही करू. श्वास मोजायचा सराव मात्र सगळ्याजणी मिळून करायचा.