लायब्ररीचं रिसर्च गाईड नक्की वापरायचं कसं?

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना नावं आणि आकडे हातातून निसटतात, म्हणून इथे नीट लिहून ठेवतोय. बोलता बोलता जे बोललो तेच थोडं साफसूफ करून दिलंय, त्यामुळे भाषा बोलीचीच वाटेल.

आजचा भाग फायनल इयरवाल्यांसाठी आणि डिझर्टेशन लिहिणाऱ्यांसाठी आहे. विषय आहे लायब्ररीची रिसर्च गाईड्स. मी बी.टेक. केलेला, आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा माणूस. लायब्ररी सायन्स शिकलेलो नाही. पण रोजच्या कामात 'ही माहिती मुळात आली कुठून' हे शोधणं हाच अर्धा धंदा असतो, आणि लायब्ररीवाली मंडळी हे काम आमच्या कितीतरी आधीपासून करत आली आहेत.

बहुतेक ठिकाणी 'लिटरेचर सर्व्हे' कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. सिनियरचा रिपोर्ट घ्यायचा, मुंबईत म्हणतात तसं 'ब्लॅक बुक' घ्यायचं, त्यातले दहा संदर्भ उचलायचे, वाक्यं जरा फिरवायची, झालं. यात नुकसान काय होतं, ते पुढे एका उदाहरणात बघू. आधी गाईड म्हणजे काय ते समजून घेऊ.

गाईड म्हणजे काय?

गाईड म्हटलं की आपल्याकडे दहावीचं गाईड आठवतं, प्रश्न आणि तयार उत्तरं. रिसर्च गाईड बरोबर उलटं असतं. त्यात एकही उत्तर नसतं. एखाद्या विषयात कुठून सुरुवात करायची, कुठला डेटाबेस बघायचा, कुठली मासिकं विश्वासाची, कुठले शब्द टाकून शोधायचं आणि संदर्भ कसा लिहायचा, एवढंच एका पानावर मांडलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ती त्या विषयाची 'रीडमी' फाईल.

ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. अमेरिकेत एमआयटीच्या लायब्ररीत १९७०च्या आसपास 'पाथफाइंडर' नावाची छापील पत्रकं निघाली, एका विषयाला एक. आज परदेशातल्या शेकडो विद्यापीठांच्या साइटवर तीच गोष्ट 'लिबगाईड' या नावाने दिसते. आपल्याकडे तर पाया त्याहून जुना आहे. गणित शिकवता शिकवता १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम वाचकाच्या वेळेबद्दल आहे. लायब्ररीने वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये, असा त्याचा अर्थ. रिसर्च गाईड म्हणजे तो नियम एका पानावर.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. परदेशी विद्यापीठांचे डेटाबेस कुलपात असतात, पण त्यांची गाईड्स बहुतेक वेळा सगळ्यांसाठी उघडी असतात. तुमच्या विषयाचं इंग्रजी नाव आणि पुढे 'लिबगाईड' असं इंग्रजीत टाकून शोधा. पाच-सहा विद्यापीठांची गाईड्स शेजारी ठेवून बघा. जो डेटाबेस सगळ्यांत येतो, तो त्या विषयात महत्त्वाचा, हे लगेच कळतं.

एक उदाहरण धरून चालू

गेल्या काही वर्षांत दर बॅचमध्ये एखादा तरी ग्रुप घेतोच असा विषय: पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणारं ॲप. समजा आपल्याला सोयाबीनवर करायचंय. गाईडच्या क्रमाने जाऊ.

पहिली पायरी पार्श्वभूमीची. लगेच पेपर उघडायचे नाहीत. आधी विश्वकोश, हँडबुक, पाठ्यपुस्तक. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. विकिपीडियाही चालेल, फक्त लेख वाचून थांबू नका, तळाचे संदर्भ बघा.

याच पायरीवर शब्दांची यादी करायची. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त फळ इथेच मिळतं. शेतकरी म्हणतो 'तांबेरा'. इंग्रजीत तो 'सोयाबीन रस्ट'. आणि तो करणाऱ्या बुरशीचं शास्त्रीय नाव 'फाकोप्सोरा पॅकिरायझी'. या तीन नावांनी शोधलं तर तीन वेगळी जगं उघडतात. मराठी नावाने कृषी विभागाची पत्रकं मिळतील, इंग्रजी नावाने कॉम्प्युटरवाल्यांचे पेपर, आणि शास्त्रीय नावाने वनस्पतिरोगशास्त्र. कॉम्प्युटरचा विद्यार्थी बहुतेक वेळा मधल्या जगातच अडकून पडतो.

दुसरी पायरी पुस्तकांची. ड्यूई पद्धतीने लावलेल्या लायब्ररीत आर्टिफिशियल इंटेलिजन्सची पुस्तकं ००६.३ला असतात, आणि पिकांचे रोग ६३२ला. म्हणजे तुमचा प्रोजेक्ट दोन रॅकमध्ये विभागलेला आहे, आणि इंजिनिअरिंग कॉलेजात दुसरा रॅक बहुधा नसतोच. मग राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांकडे वळायचं. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' नावाच्या ऑनलाइन भांडारात आहेत. आणि देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत, हे भांडार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. प्रबंधाचं दुसरं प्रकरण म्हणजे बहुतेकदा कुणीतरी दोन-तीन वर्षं खपून केलेला आढावा. तो कॉपी करण्यासाठी नाही, तर कुणाला वाचायचं ते कळण्यासाठी वाचा.

तिसरी पायरी म्हणजे शोधनिबंध. डेटाबेसमध्ये पूर्ण वाक्य टाकू नका. दोन-तीन शब्दांचा नेमका समूह अवतरण चिन्हांत घाला. समानार्थी शब्दांमध्ये 'ऑर' टाका, वेगळ्या कल्पनांमध्ये 'अँड' टाका. 'ऑर'ने जाळं रुंद होतं, 'अँड'ने अरुंद. हजारो निकाल आले तर एक 'अँड' वाढवा, शून्य आले तर एक 'ऑर'. बस्स, एवढंच गणित आहे.

चौथी पायरी मागे आणि पुढे जाण्याची. एक चांगला पेपर मिळाला की त्याची संदर्भसूची बघा, म्हणजे मागे गेलात. मग गूगल स्कॉलरवर त्या पेपरखालच्या 'साइटेड बाय'वर क्लिक करा, म्हणजे त्याच्यानंतर त्याचा आधार कुणी घेतला, ते दिसेल. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी हे डिपेंडन्सी ट्रीसारखं समजावं.

९९ टक्क्यांचं काय झालं?

आता नुकसानाची गोष्ट. या विषयावरच्या असंख्य रिपोर्टांत एक आकडा फिरत असतो: ९९.३५ टक्के अचूकता. चौथ्या पायरीने मागे मागे गेलात की मूळ पेपर सापडतो. मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांचा, २०१६ सालचा. तो ओपन ॲक्सेस आहे, कुणीही पूर्ण वाचू शकतं. त्यात 'प्लांटव्हिलेज' या संग्रहातले ५४,३०६ फोटो वापरलेत, १४ पिकं आणि २६ रोग. ९९.३५ हा आकडा खराच आहे.

पण त्याच पेपरच्या चर्चेच्या भागात लेखकांनी स्वतःच सांगितलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर हेच मॉडेल चालवलं तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या थोडी वर राहिली. कारण सोपं आहे. संग्रहातले फोटो साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेल्या एकेका पानाचे. शेतात मात्र पानं एकमेकांवर असतात, ऊन-सावली असते, मागे माती आणि तण असतं.

आता आपल्या प्रोजेक्टकडे या. त्या मूळ संग्रहात सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानांचं. तांबेऱ्याचं एकही पान नाही. आणि आपल्याकडचा कापूस तर त्या १४ पिकांत नाहीच.

म्हणजे बघा, लेखकांनी काहीच लपवलं नव्हतं. ९९ एवढाच आकडा रिपोर्टातून रिपोर्टात उतरत गेला, ३१ मात्र मागेच राहिला. व्हायवाला एक्स्टर्नलने "हे फोटो शेतातले का?" एवढं विचारलं की गाडी अडते. ते तरी परवडलं. पण असं ॲप खरंच कुणा शेतकऱ्याच्या हातात गेलं आणि त्याच्या भरवशावर त्याने फवारणी केली, तर औषधाचा खर्च त्याच्या खिशातून जातो.

उलट, ३१ आधीच माहीत असेल तर तुमचा प्रोजेक्टच बदलतो. 'आम्ही ९९ टक्के मिळवले' याऐवजी 'आम्ही शेतातले फोटो स्वतः काढले आणि तिथे किती टिकतं ते मोजलं' असं म्हणता येतं. आकडा लहान येईल, पण प्रोजेक्ट तुमचा असेल.

पैसे कुणी भरायचे?

'पेपर उघडायला गेलो की डॉलर मागतात' ही नेहमीची तक्रार. यावर तुमच्या वतीने बऱ्याचदा कुणीतरी पैसे भरलेले असतात.

सरकारी कॉलेज किंवा विद्यापीठात असाल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' विचारा. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० मासिकं, केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३००हून जास्त संस्थांसाठी. कला-विज्ञान-वाणिज्य कॉलेजात असाल तर 'एन-लिस्ट' आहे का विचारा. त्याचं लॉगिन कॉलेजच्या ग्रंथपालांकडूनच मिळतं, आणि ते घरूनही चालतं. खासगी कॉलेजात असाल तर 'डेलनेट'चं सभासदत्व आहे का बघा. १९८८ साली दिल्लीतल्या लायब्रऱ्यांपासून सुरू झालेलं हे जाळं आहे. तुमच्याकडे नसलेलं पुस्तक किंवा लेख दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतो, फक्त विनंती तुमच्या लायब्ररीमार्फत जाते.

यातलं काहीच नसेल तरी दार बंद नाही. गूगल स्कॉलरवर 'ऑल व्हर्जन्स' उघडा, लेखकाने स्वतःच्या साइटवर ठेवलेली प्रत अनेकदा सापडते. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' टाका, कायदेशीर मोफत प्रत असेल तर ते दाखवतं. कॉम्प्युटर आणि भौतिकशास्त्रासाठी १९९१ पासून चालू असलेलं 'अर्काइव्ह' आहे. आणि लेखकाला दोन ओळींचा सभ्य ईमेल करा, आपला पेपर कुणी वाचतंय म्हटल्यावर बरेच जण आनंदाने पाठवतात.

एआयने दिलेले संदर्भ

हा प्रश्न आता टाळता येत नाही. एआय चॅटबॉट शब्दांची यादी करायला, अवघड परिच्छेद समजून घ्यायला चांगला मदतनीस आहे. पण संदर्भ मागितले की तो कधी कधी अस्तित्वातच नसलेले पेपर अगदी खऱ्यासारखे लिहून देतो. लेखक खरा, मासिक खरं, पेपर मात्र खोटा. उपाय एका मिनिटाचा आहे. पेपरचा डीओआय क्रमांक, जो नेहमी '१०.'ने सुरू होतो, तो डीओआयच्या अधिकृत साइटवर टाका. पान उघडलं आणि शीर्षक जुळलं, तरच संदर्भ यादीत घ्या. नाही उघडलं तर शीर्षक गूगल स्कॉलरवर शोधा. तिथेही नसेल तर काढून टाका.

आणि नकलेच्या तपासणीबद्दल: यूजीसीच्या २०१८च्या नियमांत प्रबंधातलं १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाशिवाय सोडलं जातं, म्हणून सगळे तो आकडा गाठायला शब्द फिरवत बसतात. पण समजून न घेता फिरवलेलं वाक्य सॉफ्टवेअरला सापडलं नाही, तरी समोर बसलेल्या माणसाला सापडतं.

तुमच्या कॉलेजात गाईडच नसेल तर?

मग तुम्हीच करा. एक साधं डॉक्युमेंट, पाच मथळे: शब्दांची यादी (मराठी, इंग्रजी, शास्त्रीय), सुरुवातीचं वाचन, पुस्तकांचे रॅक क्रमांक, डेटाबेस आणि कुठे काय शोधलं, आणि शेवटी वाचलेले पेपर. प्रत्येक पेपरसमोर एकच ओळ लिहा: यांनी काय केलं आणि कुठे अडलं. संदर्भ सांभाळायला 'झोटेरो' वापरा, फुकट आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री संदर्भांचे स्वल्पविराम जुळवत बसावं लागणार नाही.

हे डॉक्युमेंट घेऊन लायब्रेरियन मॅडमकडे किंवा सरांकडे जा. "मॅडम, प्रोजेक्टसाठी काहीतरी द्या ना" असं विचारलंत तर त्या तरी काय देणार? "मॅडम, सोयाबीनच्या तांबेऱ्यावर २०२०नंतरचं काही हवंय, शोधगंगा आणि कृषिकोश बघून झालंय, पुढे कुठे बघू?" असं विचारून बघा. समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो की नाही ते सांगा मला.

आणि पास झाल्यावर सिनियर म्हणून ज्युनियरला ब्लॅक बुक देणारच असाल, तर सोबत हे गाईडही द्या. रिपोर्टातून त्यांना तुमचे आकडे मिळतील, गाईडमधून ते आकडे तपासायची वाट मिळेल.

या आठवड्याचं काम एवढंच: तुमच्या रिपोर्टातला एक आकडा घ्या आणि तो मूळ पेपरपर्यंत मागे नेऊन बघा. काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर वाचत राहा!