छाटल्याशिवाय कुंपण नाही

कैनाडच्या घरी परसाला मी मेंदीचं कुंपण लावलं, पण कात्री लावायला मन धजेना. दोन वर्षांत झाडं पुरुषभर वाढली. वर हिरवीगार, खाली नुसत्या काटक्या. त्यातून शेजारच्या शेळ्या आत शिरल्या आणि वालाचा वेल फस्त करून गेल्या.

मी भांडायच्या तयारीनं गेलो. शेळ्यांचे मालक, एक वारली आजोबा, कोयता घेऊन माझ्याबरोबर आले आणि म्हणाले, "भाई, हे कुंपण नाही, नुसती झाडं आहेत." त्यांनी सारी रांग गुडघ्याएवढी केली. माझ्या पोटात गोळा आला. पण पाऊस सुरू झाला आणि बुंध्यापासून धुमारे फुटले.

असं का होतं? शेंड्याचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला, की ते फुटतात. म्हणून रोप फूटभर झालं, की पहिली छाटणी करावी आणि मग उंची थोडीथोडीच वाढू द्यावी. कुंपण खाली रुंद, वर निमुळतं ठेवलं, तर तळालाही ऊन मिळतं. लागवड पावसाच्या तोंडाशी दोन ओळींत करावी. दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध यावं.

मेंदीच हवी असं नाही. निर्गुडीला सहसा गुरं तोंड लावत नाहीत आणि तिची फांदी खोचली तरी जगते. गिरीपुष्पाचा पाला भातखाचराला खत होतो. करवंदीच्या जाळीतून कुणी शिरत नाही, शिवाय उन्हाळ्यात मुलांना रानमेवा मिळतो. लहान मुलं असतील तिथे शेर मात्र नको; त्याचा चीक डोळ्यांना घातक असतो. मोगली एरंडाच्या बियाही विषारी. घाणेरी तर लावूच नये. शोभेसाठी परदेशातून आणलेल्या या झुडपाचं बी पक्ष्यांनी पसरवलं आणि आज ती आपली रानं व्यापून बसली आहे.

काटेरी तार एका दिवसात उभी राहते, हे खरं. जिवंत कुंपणाला दोन-तीन पावसाळे द्यावे लागतात. पण तारेचा पाला कुणी मागायला येत नाही.

ईदच्या आधी घरातल्या मुली मेंदीसाठी टोपली घेऊन कुंपणाशी येतात. पावसाळी छाटणीच्या जून फांद्या आजोबा नेतात. त्यांनाही आता परसाला कुंपण हवं आहे. शेळ्या त्यांचंही ऐकत नाहीत.