तारेखालचा चुंबक

इलेक्ट्रिक गिटारच्या जवळ जाऊन मोठ्यानं हाक मारली, तरी तिला जोडलेल्या स्पीकरमधून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पण तारेला बोटानं नुसतं छेडलं, की सारी खोली भरून जाते. असं का व्हावं? गिटारमध्ये मायक्रोफोन असता, तर त्यानं आपली हाकही पोहोचवली असती. पण तारांच्या खाली बसवलेला असतो तो पिकअप. हा पिकअप आवाज ऐकतच नाही. त्याला कळते ती फक्त तारेची हालचाल, आणि ती कळते चुंबकामुळं.

अशा युक्तीची गरज का पडली, ते आधी पाहू. साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीतून येतो आणि तो मुळात नाजूक असतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोठमोठे नृत्यवृंद लोकप्रिय झाले. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ढोल यांच्या गर्दीत बिचारा गिटारवादक कुणाला ऐकूच जाईना. समोर मायक्रोफोन ठेवावा, तर तो शेजारच्या वाद्यांचाही आवाज उचलणार.

लॉस एंजेलिसमधल्या जॉर्ज बीचम या वादकानं यावर उपाय शोधला. ॲडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराच्या साथीनं त्यानं १९३१ साली चुंबकीय पिकअपच्या गिटारचा नमुना तयार केला आणि पुढच्याच वर्षी ती बाजारात आली. ओतीव ॲल्युमिनियमची ही गिटार दिसायला थेट लांब दांड्याच्या तव्यासारखी होती, म्हणून तिला ‘फ्रायिंग पॅन’ हेच नाव पडलं! ती होती हवाईयन गिटार, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची. पुढं मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवल्या. त्या ज्यांनी रेडिओवर ऐकल्या असतील, त्यांच्या कानाला हा लांबणारा, लहरणारा सूर परिचित असेल.

आता पिकअपच्या आत डोकावू. त्यात मुख्य वस्तू दोनच. एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. या वेटोळ्याला काही हजार वेढे असतात. वर, काही मिलिमीटर अंतरावर, गिटारची पोलादी तार ताणलेली असते.

सायकलचा डायनॅमो आठवा. चाकाबरोबर त्यातला चुंबक फिरतो, वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि दिवा लागतो. चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली लंडनमध्ये दाखवून दिलं होतं. बीचमच्या नमुन्याआधी बरोबर शंभर वर्षं!

पण गिटारमध्ये चुंबकही जागचा हलत नाही आणि वेटोळंही नाही. मग बदलतं काय? गंमत इथंच आहे. चुंबकाच्या सान्निध्यात राहून वरची पोलादी तार स्वतःच थोडीशी चुंबक बनते. ती थरथरली, की तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही थरथरतं आणि खालच्या वेटोळ्यात वीज उमटते. पाचवी तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते, तर वीजही त्याच तालात उलटसुलट होते. हा प्रवाह अतिशय क्षीण असतो. ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर त्याचा पुन्हा आवाज करतो. नायलॉनच्या तारा लावल्या, तर हाच पिकअप मुका राहतो. नायलॉनला चुंबकाचं काहीच सोयरसुतक नाही!

मग चुंबक जितका जवळ तितकं चांगलं, असं म्हणायचं का? नाही. फार जवळचा चुंबक तारेला स्वतःकडे ओढतो. तिचा कंप मोकळेपणानं होत नाही, सूर बिघडतो आणि लवकर विरतो. म्हणून पिकअप वरखाली करायला स्क्रू दिलेले असतात. त्याची जागाही महत्त्वाची. तार जिथं टेकते त्या घोडीजवळ तिचे बारीक कंप ठळकपणे उमटतात, म्हणून तिथला पिकअप तीक्ष्ण आवाज देतो. घोडीपासून दूर, मानेजवळ तो आवाज गोल, भरदार होतो.

या रचनेत एक उणीव होती. घरातल्या वायरी आणि ट्रान्सफॉर्मर यांचंही चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असतं. वेटोळं तेही टिपतं आणि स्पीकरमधून गुणगुण येत राहते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर तोडगा काढला. त्यांनी शेजारी शेजारी दोन वेटोळी बसवली, एक सुलटं आणि एक उलटं. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते, पण उलट दिशांमुळं परस्परांत नाहीशी होते. मग तारेचा सूरही नाहीसा होणार नाही का? त्यासाठी दुसऱ्या वेटोळ्याखालच्या चुंबकाचे ध्रुवही उलटे ठेवले. दोन उणे मिळून अधिक होतात, तसा सूर मात्र दुप्पट होऊन बाहेर पडतो. ही गुणगुण हटवणारा, म्हणून त्याचं नाव हमबकर.

बीचम यांनी १९३४ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते हाती पडायला १९३७ उजाडलं. तोवर इतर कंपन्यांच्या गिटारीही बाजारात आल्या होत्या. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमन यांच्या वादकसमूहात इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. मागं बसून नुसती साथ करणारी गिटार आता क्लॅरिनेटच्या बरोबरीनं स्वतंत्रपणे बोलू लागली.

एक शेवटची गोष्ट. अशा साध्या पिकअपला बॅटरी लागत नाही. मग चुंबक हळूहळू खर्च होतो का? मुळीच नाही. वेटोळ्यात उमटणाऱ्या विजेची ऊर्जा येते ती तार छेडणाऱ्या बोटातून. चुंबक आपल्या पदरचं काहीच देत नाही. बोटानं तारेला जे सांगितलं, ते तो विजेच्या भाषेत पुढं पोहोचवतो, इतकंच. म्हणूनच एकच गिटार दोघांनी वाजवली, तरी दोघांचा सूर वेगळा ऐकू येतो.