परक्या सर्व्हरकडून गुप्त गणित: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिजिटल सही करताना बऱ्याचदा शेकडो अंकी संख्यांचे घात काढावे लागतात. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्राला हे गणित जड जाते. मासेमारी नौकांवर १ लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे संदेशांची देवाणघेवाण करणारी छोटी यंत्रे, बसवण्याची देशव्यापी योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला सुरू झाली. मालवण-देवगडच्या नौकेवरच्या अशा यंत्राने पाठवलेला संदेश खरोखर त्याच नौकेचा आहे, याची खात्री सहीने पटू शकते. तिचे जड गणित विश्वास नसलेल्या सर्व्हरकडूनही करून घेता येते.

गणित दिले म्हणजे सहीची किल्ली, म्हणजे तिची गुप्त संख्याही दिली, हा पहिला गैरसमज. प्रत्यक्षात यंत्र गुप्त संख्येचे तुकडे पाडते आणि त्यांत यादृच्छिक संख्या मिसळून पाठवते. आलेली उत्तरे ते स्वतःच जुळवते. २००५ मध्ये होहेनबर्गर आणि लिस्यान्स्काया या संशोधकांनी दोन सर्व्हरची पद्धत मांडली. तिच्यात दोघांपैकी कोणावरही विश्वास टाकलेला नाही. मात्र दोघांचे संगनमत झाले, तर संरक्षण उरत नाही.

किल्ली झाकली की काळजी मिटली, हा समज अधिक घातक. चुकीचे उत्तर देणे हाही हल्लाच आहे. आरएसए या सही-पद्धतीतले गणित वेगासाठी किल्लीतल्या दोन अविभाज्य संख्यांवर वेगवेगळे करून जोडतात. त्यातला एकच भाग चुकला आणि ती सही बाहेर पडली, तर तिच्यावरून अख्खी किल्ली काढता येते. बोने, डीमिलो आणि लिप्टन यांनी हे १९९७ मध्ये दाखवले. म्हणून तपासल्याशिवाय सही पाठवूच नये.

तपासणीला मूळ गणिताइतकेच कष्ट पडतात, असे वाटते. पण तसे नाही. आरएसएमध्ये तपासणीसाठी वापरायचा जाहीर घातांक बहुधा ६५५३७ असतो. तो २ च्या १६ व्या घातापेक्षा एकाने मोठा असल्याने १६ वेळा वर्ग आणि एक गुणाकार केला की तपासणी झाली. उलट सही करताना २०४८ बिटांच्या गुप्त घातांकाला साध्या रीतीने सुमारे ३००० गुणाकार लागतात.

तज्ज्ञांची पद्धत म्हणजे अभेद्य, असेही नाही. मात्सुमोतो, कातो आणि इमाई यांनी १९८८ मध्ये परक्या यंत्राकडून गुप्त गणित करून घेण्याची वाट उघडली. पुढे १९९५ मध्ये बेगाँ आणि किस्काटेर यांनी मांडलेली पद्धत न्गुएन आणि स्टर्न यांनी १९९८ मध्ये मोडून काढली.

सर्व्हर वेगवान असला की यंत्राची बॅटरी वाचतेच, असेही नव्हे. रेडिओवरून आकडे पाठवायलाही वीज लागते आणि भर समुद्रात संपर्क उपग्रहामार्फत होतो. लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेल्या दुसऱ्या सही-पद्धतीतली २५६ बिटांची किल्ली ३०७२ बिटांच्या आरएसएइतकी मजबूत मानली जाते. तिचे गणित बरेच हलके असल्याने अनेकदा ते नौकेवरच उरकणे स्वस्त पडते.