पटाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, विषय निघाला की लोक जोड्यांची नावे सांगतात, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यांच्या गोष्टी सांगतात, अमुक साली अमुक जोडी कशी बिथरून लोकांत शिरली तेही सांगतात. पैशाचे मात्र आपणहून कोणी बोलत नाही. बक्षिसाचा आकडा तेवढा पत्रकावर मोठ्या अक्षरात असतो, शेवटी एक लावून. तो आकडा उभा करायला किती दारे झिजवावी लागतात, जोडी दारात बांधून ठेवायला वर्षाला काय जाते, आणि तारखेवरून शेजारच्या दोन गावांत किती रुसवेफुगवे होतात, हा निम्मा खेळ धावपट्टीच्या बाहेरच राहतो. या लेखात त्या निम्म्याबद्दल लिहायचे आहे.

पटाचे वेळापत्रक कोणी बसून आखत नाही. ते पिके आखतात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, कापसाची वेचणी संक्रांतीपलीकडे लांबते, मग तूर, मग हरभरा. बैल रिकामा, माणूस थोडा मोकळा आणि हातात कापसाचे दोन पैसे, हे तिन्ही एकदम जुळते ते पौष ते फाल्गुन या काळात. त्यातच संक्रांत येते, महाशिवरात्र येते, गावोगावच्या जत्रा येतात. वणीची रंगनाथस्वामींची जत्रा जनावरांच्या बाजारासाठी जुन्या काळापासून माहीत आहे, आणि जिथे बैलबाजार तिथे बैलाची परीक्षा ओघानेच आली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, यवतमाळहून धामणगावच्या रस्त्याने जाता येते अशा तळेगाव दशासरला कृषक सुधार मंडळाचा शंकरपट भरतो. विदर्भातला तो मानाचा पट. तिथे एक दिवस बायकांचा असतो. कासरा बाईच्या हातात. तळेगावची तारीख जाहीर झाली की आसपासच्या गावांना आपापल्या तारखा मागेपुढे सरकवाव्या लागतात, कारण चांगल्या जोड्या त्या दिवशी तिकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक असते.

पूर्वी तारीख ठरवणे म्हणजे चार म्हाताऱ्यांनी देवळाच्या पारावर बसणे होते. पाऊस आला तर पट चार दिवस पुढे. आता तसे होत नाही, आणि ते का होत नाही हे समजायला कोर्टकचेरीचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलाला प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड आधीपासून होते. वखराला जुंपायचा बैल त्यांच्या पंक्तीत बसला. पुढची तीन वर्षे कधी बंदी, कधी अटींवर सूट अशी ओढाताण चालली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराज प्रकरणात जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढून वाट मोकळी केली, तिला आठवड्याच्या आतच स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करण्याच्या कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने तीही अडवली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

बातम्यांत हे सगळे परंपरा विरुद्ध क्रूरता असे रंगले. क्रूरता होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. तुतारीचा, म्हणजे टोचायच्या काठीचा, खिळा, पिरगाळलेली शेपूट, क्वचित विजेचा झटका, हे पाहिलेली माणसे गावोगाव आहेत. बंदीच्या मागे उभे राहिलेल्यांना शहरी म्हणून हिणवणे सोपे आहे, पण बैलाच्या पाठीवरचे वळ शहरी नव्हते. माझा मुद्दा वेगळा आहे. बंदीच्या वर्षांत पट मेला नाही, त्याचा हिशेब मोडला. पटासाठी बैल घडवायला काही वर्षे जातात. खोंड निवडायचे, त्याला जू अंगवळणी पाडायचे, धावायला शिकवायचे. बंदीत ज्यांनी बैल विकले त्यांच्याकडे २०२१ च्या डिसेंबरात जोडी नव्हती. ज्यांना पट नसतानाही जोडी पोसत राहणे परवडले, ते उद्घाटनाच्या दिवशी तयार होते. अर्थात ते छोटे शेतकरी नव्हते.

आता नियमांकडे येऊ. शर्यत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडे महिनाभर आधी अर्ज, त्यासोबत पन्नास हजार रुपयांची अनामत. धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नको. आपल्याकडची त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे ही अट कोणाला टोचत नाही. प्रत्येक बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी आणि तंदुरुस्तीचा दाखला. काठी, चाबूक, तुतारी, पराणी, झटका काहीही नको. जागेवर रुग्णवाहिका आणि पशुवैद्यक हवा, सगळ्याचे चित्रीकरण हवे. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम वाईट नाहीत. यातले बरेचसे पटसमित्यांनी स्वतःच कधीच करायला हवे होते. पण प्रत्येक नियमाला खर्च आहे, आणि परवानगीच्या कागदावर तारीख लिहिलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट नवी नाही. काळ्या जमिनीवर एक जोराची सर आली की वाफसा येईपर्यंत बैल घालता येत नाही, घातलाच तर पाय मोडायचा. अशा वेळी मंडप उभा, भोंगेवाला आलेला, लांबून आलेले पिकअप रस्त्याच्या कडेला उभे, आणि पट रद्द. नवी तारीख म्हणजे पुन्हा तहसील, पुन्हा पोलीस ठाणे, पुन्हा डॉक्टर.

धावपट्टी तयार करणे हे एक स्वतंत्र काम आहे, आणि पाहुण्यांना ते कधीच दिसत नाही. रब्बी न पेरलेले, शक्यतो उताराचे नसलेले शेत मिळवायचे. मालक बहुधा भाडे घेत नाही, पण त्याचा एक हंगाम जातो हे सगळ्यांच्या ध्यानात असते. आधी ट्रॅक्टरने नांगरून दगड वेचायचे, मग वखरायचे, ढेकळे फोडायची, टँकरने पाणी मारून दोन-तीन दिवस मुरू द्यायचे, वरून रोलर फिरवायचा. जमीन फार कडक झाली तर बैलाचे खूर सरकतात, फार भुसभुशीत राहिली तर चाक रुतून वेळ जातो. शेवटच्या खुणेच्या पुढे मोकळी जागा सोडावी लागते, कारण जोडी घड्याळापाशी थांबत नसते. दोन्ही बाजूंनी बल्ल्या रोवून दोर बांधायचा. गर्दी दोराच्या आत येतेच. दर वर्षी येते.

घड्याळ हा अलीकडचा खर्च. पूर्वी पंचाची झेंडी आणि नजर चालायची, आणि त्यावरून डोकी फुटायची. आता सुरुवातीला आणि शेवटाला यंत्र बसवून सेकंदाचा शंभरावा भाग मोजतात. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी सोडून फक्त वेळ नोंदतात. घड्याळवाला आपले सामान घेऊन या पटावरून त्या पटावर फिरतो. हंगामात त्याच्या तारखा मिळणे कठीण.

आता जोडी. बाहेरच्याला वाटते की एका मालकाचे दोन बैल म्हणजे जोडी. पुष्कळदा तसे नसते. एक चांगला बैल एका गावात, त्याच्या तोलाचा दुसरा वीस कोसांवर. उंची जुळली पाहिजे, पल्ला जुळला पाहिजे, डावीकडे जुंपायचा की उजवीकडे याची सवय जुळली पाहिजे. एक जरा जास्त वेगाचा असला तर जोडी तिरपी जाते आणि वेळ वाढतो. पश्चिम महाराष्ट्रात दोन मालकांनी असे बैल एकत्र आणण्याला पैरा म्हणतात. विदर्भातही हे चालते. बक्षिसाची वाटणी, गाडीभाड्याची वाटणी आणि भोंग्यावर आधी कोणाचे नाव घ्यायचे, हे सगळे तोंडी ठरते. भांडण होते ते बहुधा तिसऱ्यावरून.

धुरकरी हा आणखी वेगळा गडी. नावाजलेला धुरकरी एकाच मालकाचा नसतो. एका दिवसात दोन-तीन जोड्या हाकतो. हलक्या लाकडी छकड्यावर कसाबसा तोल धरून, हातात फक्त कासरा. आता तुतारी बंद झाल्यावर त्याचा आवाज आणि बैलाची सवय यांवरच सारे आहे, त्यामुळे त्याचे मोल वाढले असे पटशौकीन सांगतात. छकडा उलटला तर त्याचा विमा कोणी काढलेला असतो का, हा प्रश्न विचारला की मात्र विषय बदलतो.

इथे एक दूरचे उदाहरण घेतो, कारण ते चपखल आहे. इंग्लंडमध्ये स्पीडवे नावाचा मोटारसायकलींचा खेळ आहे. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीचला तिथली पहिली मोठी शर्यत झाली. गाडीला ब्रेक नसतो आणि एकच गिअर असतो. एका संघात सात स्वार, एका लढतीत साधारण पंधरा शर्यती, पहिल्याला तीन गुण, मग दोन, मग एक, चौथ्याला शून्य. आपल्या धुरकऱ्यासारखाच तिथला स्वार एका क्लबाचा नसतो. आठवड्यात ब्रिटन, पोलंड, स्वीडन अशा तीन देशांत धावणारे स्वार आहेत. गाडी स्वाराची स्वतःची, आणि त्याला मिळणारा पैसा मिळवलेल्या गुणांवर. पण क्लबांनी एक शहाणपण केले. प्रत्येक स्वाराची गेल्या मोसमातली सरासरी काढतात आणि सगळ्या संघाची बेरीज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ देत नाहीत. सगळे तगडे स्वार एकाच श्रीमंत क्लबात गोळा होऊ नयेत म्हणून. तरीही मैदाने स्वतःची नसल्याने खेळ अडचणीत आला. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन या जुन्या संघांची मैदाने २०२३ च्या मोसमानंतर हातची गेली.

आपल्याकडे त्या मर्यादेच्या जागी आहे तो गट. खुल्या गटात कोणीही यावे. गावगटात त्या गावच्या किंवा आसपासच्या जोड्या, ज्या एरवी शेतात राबतात. बक्षीस लहान, पण शेतकऱ्याला आपली जोडी चार लोकांत पळवता येते. माझ्या मते पटाचा जीव या गटात आहे, आणि वेळ कमी पडला की समिती कात्री लावते तीही याच गटाला, कारण पाहुण्यांना खुल्या गटातली नावे पाहायची असतात.

पट बैलाचे पोषण म्हणजे काय, तेही पाहू. यवतमाळ कापसाचा जिल्हा, त्यामुळे सरकी ढेप घरची वाटते; प्रत्यक्षात ती विकतच घ्यावी लागते आणि तिचा भाव कापसासारखाच वरखाली होतो. तुरीचे कुटार, ज्वारीचा कडबा, हरभऱ्याची चुनी, कणकेचे गोळे, हंगामात दूध आणि अंडी, कोणी बदामही चारतो. ज्वारीचा पेरा घटला तसा कडबा महागला. रोज मालिश, रोज फिरवणे, त्यासाठी एक माणूस राखीव. आणि हा बैल सहसा वखराला जुंपत नाहीत. म्हणजे शेतीसाठी दुसरी जोडी किंवा ट्रॅक्टर आलाच. देशी बैलांत वर्ध्याकडचा गवळाऊ चपळ चालीसाठी पूर्वीपासून नावाजलेला, पण आता पटावर खिल्लारही दिसतात. राज्यातले गोवंशाचे पशुधन २०१२ च्या गणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९ च्या गणनेत १ कोटी ४० लाखांवर आले. ट्रॅक्टर आल्यावर घरटी बैल कमी झाला. खोंड निवडायला पूर्वी गावातच वाव होता, आता ते शोधत फिरावे लागते.

बक्षिसातून हे भागते का? समजा, पन्नास जोड्या आल्या आणि प्रवेश फी हजार रुपये ठेवली. जमा झाले पन्नास हजार, म्हणजे फक्त अनामतीएवढे. मंडप, भोंगा, टँकर, घड्याळ, डॉक्टर, चित्रीकरण, पाहुण्यांचे जेवण आणि बक्षिसे सगळी बाकी. पूर्वेकडे झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटक लागते. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांची तिकिटे खपतात आणि थोडी भरपाई होते. यवतमाळात ती जोड नाही. इथे लोकवर्गणी होती. आता वर्गणीच्या जागी अमुक चषक, तमुक वाढदिवस आला आहे. पत्रकावर बैलाच्या चित्रापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा. पुण्याकडे २०२२ च्या मे महिन्यात चिखलीजवळच्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी होते. तसला आकडा ऐकला की इकडच्या समित्यांनाही आपला आकडा लहान वाटू लागतो. पुढाऱ्याच्या पैशावर उभा राहिलेला पट निवडणुकीच्या वर्षी थाटात होतो, पुढच्या वर्षी त्याच शेतात हरभरा असतो.

आणि तरीही लोक जोड्या पोसतात, ते निव्वळ हौसेपोटी नाही. बक्षिसाची रक्कम दोन मालक, धुरकरी, राखण्या आणि पिकअपवाल्यात वाटली की उरते थोडे. खरा पैसा विक्रीत आहे. घड्याळात उमटलेली वेळ भोंग्यावर पुकारली जाते, कोणीतरी मोबाइलवर चित्रण टाकते, आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यातला गिऱ्हाईक दारात येतो. शेतीच्या बैलाच्या भावाशी पट बैलाच्या भावाचा काही संबंध नसतो. म्हणजे पटसमिती पदरचे घालून घड्याळ लावते, आणि त्या घड्याळावर जो भाव ठरतो त्यातला एक पैसाही तिच्याकडे येत नाही.

जिल्ह्यातल्या कृषी उत्पन्न बाजार समित्या बैलबाजार भरवतात, सौद्यावर फी घेतात, पावती फाडतात. त्यांच्याकडे मोकळी जागा आहे, पाण्याची सोय आहे, पशुवैद्यकाशी रोजचा संबंध आहे. तालुक्याचा एक पट बाजार समितीच्या आवारालगत, तिच्या खर्चाने, गावगट आधी आणि खुला गट नंतर असा घेतला, आणि त्या दिवसाचे सौदे पावतीवर आणले, तर अनामत आणि घड्याळ यांचा भार गावावर पडणार नाही. सोळा तालुक्यांच्या सचिवांनी दिवाळीनंतर एकदा बसून तारखा वाटून घ्यायला हव्यात, गारपिटीसाठी एकेक राखीव दिवस मागून ठेवायला हवा. महिनाभर आधी अर्ज करायचाच आहे, तर अर्जात दोन तारखा लिहायला हरकत कोणाची असावी?